चिंधी बांधलेली काकडी

गास गावातल्या आमच्या वाडीत बियाण्यासाठी राखलेल्या काकडीला चिंधी बांधतात, म्हणजे घरचं कुणी ती तोडत नाही. यंदा वाडीत पाणी साचलं आणि चिंधीची एकच काकडी हाती लागली. तिकडच्या भिंतींना ओल, म्हणून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तिच्या धुतलेल्या बिया माझ्या आचोळ्याच्या फ्लॅटवर वाळवायला दिल्या. आजोबांपासून चालत आलेलं हे वाण दुकानात मिळत नाही. बियांना बुरशी आली की संपलं.

मला चैन पडेना. ग्रिलमधलं ऊन सरकेल तसं ताट सरकवायचं, कबुतरं हाकलायची. बी वाळली की वाकवल्यावर मोडते, म्हणून येता-जाता एखादी वाकवून बघायची. ती नुसतीच वाकायची.

"अशी रोज बघत बसलीस तर पेरायला काय उरंल?" आप्पा फोनवर करवादले. "घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हने!"

"आहेच पहिली! आणि माझ्या निकालाआधी रोज कॉलेजच्या फाटकावर जाऊन कोण विचारत होतं?"

ते हसले. मग हळूच म्हणाले, "आज बघितलीस का?"

फोन स्पीकरवर ठेवून मी एक बी वाकवली. ती टक्कन मोडली.

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "आता राखेत घोळून बरणीत भर, आन उघडू नको."

राख मी वाडीतूनच आणून ठेवली होती. बरणी भरली, झाकण घट्ट लावलं. भांडी घासून झाल्यावर पुन्हा उघडून पाहिलं.