माणसाचा दोर

दुसरा तास चालू होता. सातवीच्या वर्गात फळ्यावर त्रैराशिक मांडलं होतं आणि खिशातला फोन थरथरला. अक्का शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर व्हरांड्यात येऊन उचलला. "बाळू, तुझे दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली, आणि पुढचं तिच्या शेजारणीने सांगितलं. सकाळी चहा घेतला, ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. मी बदनापूरहून जालना, तिथून टेंभुर्णीची एसटी आणि पुढे जीप असं करत पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. अंगणात तिरडी बांधायचं काम चाललं होतं. सुतळी कमी पडली म्हणून कुणीतरी पडवीत गेलं आणि खुंटीवरचा पांढरा दोर काढायला हात वर केला. तोपर्यंत भिंतीला डोकं टेकून नुसती बसलेली माझी अक्का ताडकन उठली. "त्याला हात लावू नका! तो जित्या माणसाचा दोर हाय." हात लावणारा माणूस बिचारा ओशाळला. गल्लीतल्या कुणीतरी घरून सुतळीचा गुंडा आणला, मग पुढचं झालं. या गोष्टीला आता सव्वा महिना होत आला. दाजींचा चेहरा आठवायला गेलो की आधी तो दोरच डोळ्यांपुढे येतो, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या दोरापासूनच लिहावं लागेल.

सुखदेवराव माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणून माझे दाजी. गाव त्यांना नाना म्हणायचं. चार एकर कोरडवाहू, एक विहीर, दोन बैल आणि एक म्हैस, एवढा त्यांचा संसार. मी कॉलेजात असताना अक्काचं लग्न झालं आणि त्यानंतर पहिल्यांदा तिच्या घरी गेलो, तेव्हा लिंबाच्या सावलीत एक लांबलचक दोर वाळत घातला होता. मी आपला त्याच्यावर पाय देऊन सरळ निघालो. "पाय!" दाजी असे ओरडले की मला वाटलं साप निघाला. मी नवा मेहुणा, थट्टेचा हक्क होता. म्हणालो, "दाजी, घरात बावीस प्रतिज्ञा टांगल्यात अन् तुम्ही दोराच्या पाया पडता व्हय?" ते खदखदून हसले. मग मला खाली बसवलं, माझा पाय पडला होता तिथला दोराचा पीळ दोन्ही हातांनी उलटा फिरवून सैल केला आणि आतली वाळू माझ्या तळहातावर झाडली. "ह्ये बघ. पायाखालचा खडा आत शिरतो अन् मंग दर वढीला आतून कापत राह्यतो. वरून काय बी दिसत न्हाई. ह्यात देव न्हाई मास्तर, खडा हाय." मी तेव्हा मास्तर झालोही नव्हतो. पण पुस्तकं घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे हेच एक नाव होतं, आणि पुढे मी ते खरं करून दाखवलं, एवढंच.

दाजींच्या पडवीत खुंट्या बऱ्याच होत्या आणि प्रत्येक खुंटीचा दोर ठरलेला. बैलांचे कासरे वेगळे, म्हशीचं दावं वेगळं, कडबा बांधायचे दोर वेगळे. जनावराच्या गळ्याला ते नायलॉन कधी लावत नसत. सुती दोरच, तोही हाताने मळून मऊ केलेला. "त्याला बोलता येत न्हाई, कातडं सोललं तरी त्ये उभंच राह्यतं," म्हणायचे. आणि सगळ्यांपासून लांब, आतल्या कोपऱ्यातल्या खुंटीवर साठ हातांचा एक पांढरा दोर. विहिरीत माणूस उतरवायचा असला तरच तो खाली यायचा. त्याने ओझं बांधायचं नाही, जनावर बांधायचं नाही, धुणं वाळत घालायचं नाही. भिजला तर सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. खताच्या पोत्यांजवळ ठेवायचा नाही. विहिरीतून वर आला की टोकं बदलून टांगायचा, म्हणजे एकाच टोकाची झीज होत नाही. पांढराच का, तर डाग पडला की दिसतो. अक्का वैतागून म्हणायची, "मला येवढं जपलं तर मी दोन वर्सं जास्त जगंन." यावर दाजींचं उत्तर तयार असायचं : "तुला कुठं कुणी इहिरीत सोडून राह्यलंय?"

हा दोर गावात कुणीही मागावा आणि दाजींनी कुणालाही द्यावा, पण एका अटीवर. दोरासोबत दाजी जाणार. विहिरीच्या काठावर मांडी घालून बसायचं, साठच्या साठ हात दोर बोटांतून सरकवत न्यायचा, जागोजागी पीळ उकलून आत बघायचं. मग पोत्यात वाळू-दगड भरून दीड माणसाच्या वजनाचं गाठोडं करायचं आणि कप्पीवरून ते आधी खाली सोडायचं, दोन हिसके द्यायचे, वर ओढायचं. "आधी दगड, मंग माणूस." लोक कंटाळायचे, बिड्या ओढायचे, पण थांबायचे. ज्या गावात दाजींच्या आजोबांना सार्वजनिक विहिरीत पोहरा सोडू देत नव्हते, त्याच गावात कुणाच्याही विहिरीत माणूस उतरवायचा झाला की आधी दाजींच्या दाराशी यावं लागायचं. दाजी हे कधी बोलून दाखवत नसत. मला मात्र ते दर वेळी आठवायचं आणि छाती भरून यायची. आजही येते.

आता जे लिहायचं आहे ते इतकी वर्षं मी कुणालाही सांगितलं नव्हतं...

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अक्काकडे होतो. वीज सारखी जाते म्हणून मीच त्यांना एक जुना इन्व्हर्टर आणून दिला होता आणि त्याची बॅटरी बसली. टेंभुर्णीला दाखवावी म्हणून मोटरसायकलच्या मागे ठेवली, तर बांधायला काही सापडेना. दाजी शेतात, अक्का शेजारी. मी कोपऱ्यातला पांढरा दोर काढला, करकचून बांधला, जाऊन आलो, पुन्हा होता तसा गुंडाळून खुंटीला लावला. रस्ता खड्ड्यांचा. बॅटरीतलं ॲसिड कुठे हिंदकळलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवणारा मी! शिकवणं वेगळं आणि कळणं वेगळं, दुसरं काय.

आठच दिवसांनी रंगनाथराव आले. त्यांचं शेत दाजींच्या बांधाला लागून, मोसंबीची बाग, माणूस मनाने चांगला पण तापट. त्यांची पाण्यातली मोटार विहिरीच्या कपारीत अडकली होती. झाडांवर फळं आणि चार दिवस पाणी नाही. ते स्वतःच खाली उतरणार होते. दाजी दोर घेऊन गेले, मीही गेलो. निम्मा दोर बोटांतून गेला असेल, तेव्हा दाजींचा हात थांबला. पिवळट, बोटाएवढाच डाग. त्यांनी पीळ उकलला, नखाने एक धागा ओढला, तो कडक पापडासारखा तुटला. दाजींनी मान वर केली. "ह्यो दोर कुठं गेल्ता?" काठावर पाच-सहा माणसं होती. सगळी एकमेकांकडे बघू लागली. मीही त्यांच्यासारखंच इकडेतिकडे बघितलं.

"नाना, येवढ्याश्या डागाचं काय घेऊन बसलात? तिकडं झाडं सुकून राह्यलीत. जल्दी करा," रंगनाथराव म्हणाले. आणि त्यांनी दोराचं टोक कमरेला गुंडाळायला सुरुवातही केली होती. दाजींनी ते शांतपणे सोडवून घेतलं. "आधी दगड." पोतं भरलं, दोराला बांधलं, कप्पीवरून सोडलं. पहिला हिसका दोराने सोसला. रंगनाथरावांनी "बघा, म्हनलं न्हाई?" असं म्हणायला तोंड उघडलं आणि दुसऱ्या हिसक्याला दोर तुटला. पोतं खाली आदळल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला असं मला वाटलं. रंगनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि क्षणभराने सगळा राग दाजींवर निघाला. "नाना, ह्याच्यावर आज मी उतरणार व्हतो! असला दोर घेऊन आलात तुम्ही?" त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. दाजींनी तुटलेलं टोक हातात धरलं होतं. ते म्हणाले, "चूक माझी हाय. दोर माझा हाय."

घरी आल्यावर त्यांनी विळ्याने त्या दोराचे हातभर लांबीचे तुकडे केले. चांगला होता तो भागही कापला. कुणी उचलून पुन्हा जोडू नये म्हणून. आणि गावात व्हायचं तेच झालं. 'नानाचा दोर तुटला', एवढंच पसरलं. तो तुटेल हे नानांनीच आधी ओळखलं होतं, हे मागे राहिलं. वर्षभर त्यांच्याकडे कुणी दोर मागायला आलं नाही. दाजींनी मला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना कळलं होतं का? मला अजूनही सांगता येत नाही. पण पुढच्याच बाजाराला त्यांनी मला सोबत घेतलं.

टेंभुर्णीच्या बाजारात त्या दिवशी दाजींनी तीन दुकानं पालथी घातली. दुकानदार रंगीत, चकचकीत दोर पुढे करी आणि दाजी तो उन्हात धरून पीळ उकलत. "वरून कोण बी चमकतं. आतला पेड बघावा," ते मला सांगत होते. तिन्ही पेड सारख्या जाडीचे हवेत. सोडला की पीळ आपोआप जागेवर यायला हवा. हाताला गुळगुळीत लागला तर गाठ सरकते, खरखरीत लागला तर हात सोलतो. शेवटी दुकानदार वैतागला, "नाना, दोर घ्यायचा हाय का सोयरीक जुळवायचीय?" दाजी म्हणाले, "सोयरीक मोडता येती बाबा." त्यांनी निवडलेला दोर माझ्या हातात दिला. "तू बी बघ. सगळा. मला घाई न्हाई." भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत उभा राहून मी साठ हात दोर बोटांतून सोडला. डोळे भरून येत होते, ते मी धुळीवर ढकललं. तेव्हापासून दर सुट्टीत गेलो की एकदा तरी दोर खाली यायचाच, आणि आम्ही दोघे ओट्यावर बसून तो तपासायचो. हळूहळू लोकही पुन्हा मागायला येऊ लागले. रंगनाथराव मात्र आले नाहीत. रामराम घालायचे, पण दोर दुसरीकडून आणायचे.

शेवटची भेट दाजी जाण्याच्या तीन आठवडे आधीची. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, हलकंच. चालत होते, बोलत होते. दोर मांडीवर घेतला, चार-पाच हात सरकवला आणि थांबले. "हाताला कळंना झालंय रे मास्तर," म्हणाले. इतक्या वर्षांत हा माणूस रडवेला झालेला मी त्याच दिवशी बघितला. "तू बघ. मी नुस्ता बसतो." मी दोर बघू लागलो आणि मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. "दाजी, त्या वर्षी..." एवढं बोललो आणि अक्का चहा घेऊन आली. दाजींनी कपबशी डाव्या हातात घेतली, म्हणाले, "निम्म्यात बोलू नये, ध्यान जातं. आधी दोर पुरा कर." मी पुरा केला. मग जीपची वेळ झाली. पुढच्या वेळी सांगू, म्हटलं...

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. मी रजा वाढवून अक्काजवळ राहिलो होतो. एका सकाळी रंगनाथराव अंगणात येऊन उभे राहिले. आत येईनात. "वैनी, मोटार पुन्हा अडकलीय. दुखवट्याच्या घरी इचारू न्हाई, पर आज पटकन दोर देईल असं दुसरं कोणी न्हाई." अक्काने माझ्याकडे बघितलं. "दोर भेटंल. पर ह्या घरचा दोर एकटा जात नसतो. बाळू, तू जा."

तीच विहीर, तीच कप्पी. तिथे दाजींसारखी मांडी घालून बसलो आणि हात पुढे जाईना. ज्या कारणाने हा नवा दोर आला, ते पोटात ठेवून मी तो कसा तपासणार होतो? "रंगनाथराव," मी म्हणालो, "त्या वेळी तो दोर मी नेला होता. बॅटरी बांधायला. ॲसिड माझ्याच हातून सांडलं. दाजींची काही चूक नव्हती. मी तेव्हा गप्प बसलो." मला वाटलं हा माणूस आता शिव्या घालणार, आणि घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रंगनाथराव विहिरीच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "नानाचा दोर तुटला म्हनून मीच गावभर सांगत फिरलो. त्यो माणूस ऐकून घेत राह्यला." मग उठून त्यांनी खाली पडलेलं दोराचं टोक उचललं आणि माझ्या हातात दिलं. "बघा पाव्हणं. सगळा बघा. आज मला बिलकुल घाई न्हाई."

माझ्या हातांना दाजींच्या हातांची समज नाही, म्हणून मी दोर दोनदा तपासला. पोतं दोनदा सोडलं. मग रंगनाथराव कमरेला दोर बांधून उतरले. मोटार निघाली. दोर लिंबाखाली सावलीत वाळवला, संध्याकाळी गुंडाळून कोपऱ्यातल्या खुंटीला लावला. मागे अक्का उभी होती. "रंगनाथ मगाशी दारात रडून गेला. सगळं सांगितलं त्यानं," ती म्हणाली. मी मान खाली घालून उभा राहिलो. आता ती काय म्हणेल ते ऐकायची माझी तयारी होती. तिने खुंटीकडे बघितलं, पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "टोकं बदललीस का?"

विसरलो होतो. मी दोर पुन्हा खाली घेतला.