एक शे

मला कोडी आवडतात, पण सरळ. रविवारचं शब्दकोडं मी चहा निवायच्या आत सोडवते आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. सासऱ्यांची कोडी मात्र माझ्या डोक्यात जायची. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते नामपूरचे, कांदा पिकवण्यात आयुष्य गेलेलं, बोलणं अहिराणी. लग्न होऊन मी नाशिकहून त्या घरात गेले आणि नीट टेकलेही नव्हते, तोच पहिलं कोडं समोर आलं. तुझ्या सासूने संध्याकाळी दिवा लावला, पंखा लावला, दही लावलं, दार लावलं. तर बंद काय झालं? सगळं लावलंच आहे म्हटल्यावर बंद काय होणार? काहीच नाही, मी म्हणाले. घरभर हशा पिकला. बंद दार झालं होतं.

हे कोडं नव्हे, ही फसवणूक आहे, असं मी नंतर नवऱ्याला तावातावाने ऐकवलं. तो म्हणाला, आबा फसवत नाहीत, तूच ऐकून घेत नाहीस. प्रश्न संपायच्या आत तुझं उत्तर तयार असतं. हे मला जास्त झोंबलं. पुढे आम्ही नाशिकला राहायचो, पण दर सुट्टीत नामपूरला गेलं की नवं कोडं ठेवलेलं असायचंच. कांदा चिरताना घरात कोणाला रडू येत नाही? चष्मेवाल्याला, मी म्हणाले. उत्तर होतं कांद्याला. या कोड्यांपलीकडे आमचं बोलणं फारसं गेलं नाही. त्यांची अहिराणी मला अर्धीमुर्धी कळायची आणि माझं छापील मराठी त्यांना परकं वाटत असावं.

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना नाशिकला आणलं. इथे त्यांना करमेना. मी नामपूरला एकटा राहीन, असा त्यांनी धोशा लावला. पण मधल्या काळात दुधाखालचा गॅस तसाच राहू लागला. एकदा खाली फेरी मारायला गेलेले आबा शेजारच्या इमारतीचा जिना चढून भलत्याच दारावर थापा मारत राहिले. शेवटी असं ठरलं, की मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि ते हो म्हणाले तरच नामपूर. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी महिना विचारला. आबांनी बराच विचार करून कांदे काढायचा महिना असं सांगितलं. बाहेर श्रावण चालू होता. लक्षात ठेवायला दिलेले शब्दही त्यांच्या हातून निसटले. प्रत्येक चुकलेल्या उत्तरागणिक मला नामपूर लांब जाताना दिसत होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती?

"माले आंडोर एक शे, आंडेर एक शे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. एकशे किती, असं त्यांनी काळजीने विचारलं. मला हसू आवरेना. शे म्हणजे आहे, आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी, मी समजावलं. एक मुलगा आहे, एक मुलगी आहे, असं म्हणताहेत ते. डॉक्टरही हसले आणि हे बरोबर आहे ना, असं त्यांनी मला विचारलं. मी लगेच सांगून टाकलं, की मुलगा बरोबर, पण मुलगी नाही. आबांना एकच अपत्य, माझा नवरा. डॉक्टरांनी मान हलवून तसं लिहून घेतलं. तपासणी संपल्यावर त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका.

बाहेर रस्त्याच्या कडेला आम्ही रिक्षाची वाट पाहत उभे होतो. महिना विसरले, शब्द विसरले, त्याचं मी मनाशी काहीतरी जुळवून घेतलं होतं. पण नसलेली मुलगी आठवावी, हे काही केल्या जुळेना. न राहवून मी विचारलं, आबा, ही मुलगी कुठून आणलीत?

ते माझ्याकडे वळले.

"मंग तू कोन शेस?"

मला ओळखेनासे झाले, की कोडं घालताहेत? चेहऱ्यावरून काही कळेना. तोंडावर आलेलं 'सून' मी परत गिळलं. या माणसाचं बोलणं मी पहिल्यांदाच घाई न करता मनात पुन्हा ऐकलं. डॉक्टरांना दिलेलं उत्तरही ऐकलं. एक रिक्षा थांबून निघून गेली.

"आंडेर," मी म्हणाले.

"येळ लागना," आबा म्हणाले. वेळ लागलाच होता मला. त्यांनी मागून येणाऱ्या रिक्षाला हात केला.