चाकूवाल्याने बॅग ओढली

देवासच्या टेकडीखाली चाकू विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याच्या हातांकडे बघायचा.

घरातली पहिली पदवीधर मी. इंदूरला नोकरी लागली, पण रोज एकटीने बसने जायचं म्हणून आई घाबरली. चाकू जवळ ठेवलास तरच जा, म्हणाली.

"भिया, सगळ्यात मोठा द्या," मी चाकूवाल्या भाऊंना ऐटीत म्हटलं.

थेट हातात चाकू दिला तर भांडण होतं म्हणतात, म्हणून त्याने तो फडक्यावर ठेवला. मी उचलून बॅगेत टाकला.

"आता मी चोर. काढ चाकू!" तो म्हणाला.

मी डबा काढला, छत्री काढली, मार्कशीटची फाइल काढली. तेवढ्यात त्याने बॅगच ओढून घेतली.

"दीदी, तब तक चोर को चाय पिलाओगी क्या?" तो पोट धरून हसला. मोठा चाकू परत घेऊन त्याने बॅगेत छोटा, घडीचा ठेवला. "हा पेरू कापायला. चोर आला तर बॅग फेकायची, ओरडायचं आणि पळायचं."

घरी तो चाकू बघून आईने कपाळावर हात मारला. मग मी तिलाच चोर केलं आणि गल्लीतून अशी ओरडत पळाले, की चार घरांतली माणसं बाहेर आली.

सोमवारी आईनेच मला बसमध्ये बसवून दिलं.