खळीनं चिकटवलेलं नाव

आमच्या म्युझियममध्ये कुणी जरा मोठ्यानं बोललं की शिपाई डोळे वटारायचा. अक्कांना मात्र डोळे वटारायची कुणाची टाप नव्हती. त्यांचा आवाज दिवाणखान्यातून थेट माझ्या तिकीट खिडकीत यायचा, ‘घर एकट्या गडीमाणसाचं असतंय का हो?’ येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता त्याला मागे स्वयंपाकघरात न्यायचं, ही त्यांची मार्गदर्शिकेची पद्धत.

हा सोलापुरातल्या एका जुन्या डॉक्टरांचा बंगला. प्लेगच्या साथीत त्यांनी रोगी इथंच ठेवून घेतले, म्हणून पुढं ट्रस्टनं त्याचं म्युझियम केलं. त्यांची खुर्ची, चष्मा, औषधांच्या बाटल्या, अहो, दात कोरायची चांदीची काडीसुद्धा काचेत आहे! आणि त्या रोग्यांना ज्वारीची आंबील करून पाजणारी, त्यांची अंथरुणं धुणारी बायको? दिवाणखान्यातल्या फोटोत ती डॉक्टरांशेजारी बसलीय. खाली पाटी, ‘डॉक्टर व त्यांच्या पत्नी’. झालं, संपली बाई.

अक्का तिच्या माहेरी, अक्कलकोटकडं गेल्या, कन्नडमधून चौकशी केली आणि नाव घेऊन आल्या. गंगव्वा. पाटी बदला म्हणून ट्रस्टला सांगितलं, तर ‘बघू’. मग त्यांनी ठळक अक्षरांत चिठ्ठी लिहिली आणि पाटीवर डकवली, तीही मैद्याच्या खळीनं. विणकरांच्या गल्लीत वाढलेल्या बाईला बाजारातला गोंद पटायचाच नाही. ‘गोंद सुटतोय. खळ बसली की बसली,’ म्हणायच्या. व्यवस्थापक साहेब चिठ्ठी खरवडून काढायचे. सोमवारी म्युझियम बंद, मंगळवारी सकाळी चिठ्ठी पुन्हा जागेवर. ते साहेब गेले, नवे आले, त्यांनीही खरवडली.

‘पाटी विद्रूप दिसते, मॅडम.’

‘आणि बिननावाची बाई बरी दिसतीय व्हय?’

बागेचं तर बोलायलाच नको. गंगव्वानं लावलेली डाळिंबं, शेवगा, कढीपत्ता मोरीच्या पाण्यावर इतकी वर्षं जगली होती. अक्का पाहुण्यांना कढीपत्त्याचं पान चुरगाळून हुंगायला लावायच्या. एका उन्हाळ्यात ट्रस्टनं ती सगळी उपटली आणि तिथं लॉन घातलं. सोलापूरच्या उन्हात लॉन! वर मधोमध फोटो काढायला प्लॅस्टिकचा लाल बदाम. अक्का त्या उकरलेल्या मातीत जाऊन उभ्या राहिल्या. ‘नाव लावलं नाहीच, आता तिनं लावलेली झाडंपण ठेवेनात की,’ एवढंच बोलल्या. पुढच्या पावसाळ्याआधीच लॉन जळून गेलं. बदाम अजून उभा आहे, आणि तो बघितला की माझं टाळकं अजून सटकतं.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. ट्रस्टनं शोकसभा घेतली, भाषणं झाली, दिवाणखान्यात त्यांचा फोटो लागला. मी हार घेऊन पुढं गेले आणि खालची पितळी पाटी वाचली, ‘कै. सौ. कलशेट्टी, माजी मार्गदर्शिका. श्री. शिवानंद कलशेट्टी यांच्या पत्नी.’ शिवानंदरावांनी या बंगल्याचा उंबरा त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला होता. बिचारे पाटीपुढं उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. ‘हिचं नाव कुठाय?’ त्यांनी मला विचारलं.

मी तडक साहेबांकडं गेले. साहेब हसून म्हणाले, ‘अहो, त्यांना कोण ओळखत नाही?’

‘गंगव्वालाही एकेकाळी सगळे ओळखत होते, साहेब,’ म्हटलं आणि बाहेर पडले. जाता जाता बघितलं, तर गंगव्वाची चिठ्ठीही कुणीतरी खरवडून टाकलेली.

घरी येऊन मैदा कालवला आणि मंद आचेवर खळ शिजवली. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, फेकली, पुन्हा केली. मंगळवारी सकाळी दोन्ही फोटोंखाली चिठ्ठ्या होत्या. एकीवर गंगव्वा, दुसरीवर सुमित्रा. खरवडा म्हणावं आता.