एकसष्ट की बासष्ट?

कस्टमच्या कामात वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोकरीच्या धुळीसारखे आपोआप अंगाला चिकटतात. मी व्यापाऱ्यांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे होतो, ऑफिस मार्केट यार्डाजवळ. नव्वदनंतर बाजार खुला झाला आणि परदेशी कपडे यायला लागले. टॅरिफच्या, म्हणजे आयातकराच्या पुस्तकात प्रत्येक कपड्याचा नंबर शोधायचा आणि कस्टमच्या भिडेसाहेबांकडून तो मान्य करून आणायचा, हे आमचं काम. स्वेटरसारखं टाके घालून विणलेलं असेल तर चॅप्टर एकसष्ट, मागावर विणलेलं असेल तर बासष्ट. एवढ्यावरून माणसं रडलेली पाहिलीत मी!

एकदा एक नवा व्यापारी वैतागून म्हणाला, "साहेब, स्वेटरही विणतात आणि कापडही विणतात. मराठीत दोन्ही विणणंच!"

भिडेसाहेबांनी फाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "मग मराठीत आयात करा!"

*

पाटलांची जमीन आयटी पार्कात गेली होती. हाती आलेल्या पैशातून त्यांनी बाळांचे स्वेटर मागवले. बाळांच्या कपड्यांचा नंबर वेगळा, पण तो ठरतो उंचीवर. शहाऐंशी सेंटिमीटरच्या आतलं मूल हवं. बिलावर नुसतं वय होतं.

"दोन वर्साच्या पोराचं हाय, साहेब."

"वय नको. उंची सांगा," भिडेसाहेब म्हणाले.

"आता परदेशातलं पोरगं मी कुठून मोजू?"

पत्रं गेली, उत्तरं आली, पुन्हा पत्रं गेली. माल सुटला तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता.

"साहेब, थंडी संपली की वो!" पाटील कळवळून म्हणाले.

"थंडी आमच्या अखत्यारीत येत नाही."

पाटलांनी त्यानंतर काही मागवलं नाही.

*

आमच्या ऑफिसातल्या तारेबाई नुसता हात लावून नंबर सांगायच्या. पुढे कॉम्प्युटर आला. नंबर शोधणारा प्रोग्रॅम लिहायला अमरावतीचा एक इंजिनिअर त्यांच्यासमोर वही घेऊन बसला.

"मॅडम, टाक्यांचं कापड ओळखता कसं?"

"हात लावून."

"ते नाही चालणार. मला लॉजिक पाहिजे."

बाईंनी त्याचा हात धरला आणि कापडावर ठेवला. पंधरा दिवस हेच चाललं. प्रोग्रॅम छान झाला! पुढच्या महिन्यात मालक बाईंना म्हणाले, "आता आपण रोज यायची गरज नाही."

बाईंनी टाके बघायचं, क्वचितच लागलेलं भिंग पर्समध्ये टाकलं. दारात थांबून त्या इंजिनिअरला म्हणाल्या, "एक राहिलंच. लिहून घ्या. स्वेटर शेवटाकडून उसवतो, सुरुवातीकडून नाही."

त्यानं ते खरंच लिहून घेतलं.

*

शर्टाची डावी पट्टी वर आली तर पुरुषांचा, उजवी वर आली तर बायकांचा. हा नियम नुकताच शिकलेला एक इन्स्पेक्टर जानेवारीत भिडेसाहेबांच्या अंगावरच्या कार्डिगनकडे बघून ओरडला, "साहेब, तुमचा तर लेडीज निघाला!"

सगळे हसलो. साहेबांनी खाली बटणांकडे पाहिलं.

"हो. तिचाच आहे."

त्यांची पत्नी दिवाळीत गेली होती. आम्ही कुठे बघावं तेच कळेना.

"क्लासिफिकेशन बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पुढची फाईल घ्या."

*

एकदा वापरलेल्या स्वेटरचा कंटेनर आला. चिंध्या म्हणून मागवलेला, पण आत स्वेटर धडधाकट! साहेबांनी हुकूम दिला, कपडे म्हणून विकता येऊ नयेत म्हणून प्रत्येक स्वेटर तीन ठिकाणी कापा, मगच माल बाहेर जाईल. आम्ही मजूर बायका बोलावल्या. त्यांत वाशिमकडची एक होती, कुसुमबाई. डिसेंबरची सकाळ, तिच्या अंगावर विटलेली सुती साडी. हात इतके गारठलेले की कात्री चालेना.

"कापायच्या आधी एखादा घालू का जी?" तिनं मला विचारलं.

मी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. तिनं एक हिरवा स्वेटर घातला आणि कामाला लागली. दिवसभर कापत होती. दुपारी ऊन आलं तरी तिनं तो काढला नाही.

संध्याकाळी ढीग तपासून साहेबांनी सही केली. कुसुमबाई समोरच उभी होती.

"सगळे कापून झाले," साहेब मोठ्यानं म्हणाले. मग खालच्या आवाजात, "जा बाई आता. मला काही दिसलं नाही."

ती जागची हलली नाही. तिनं स्वेटर डोक्यावरून काढला, उलटा झालेला सरळ केला, मांडीवर पसरला. एक बाही कापली. दुसरी कापली. मग पाठीवरून कात्री चालवली, घडी घातली आणि ढिगावर नेऊन ठेवली.

"आता बघा," ती म्हणाली.