आप्पांच्या दाढेचा खड्डा बघायला आलेला गाव

मंगळवारी सकाळी दवाखान्याचं शटर अर्धं वर केलं, तर पायरीवर सदाआप्पा. गालावर उपरण्याची घडी दाबलेली, मान एका बाजूला कललेली. शेजारी त्यांच्या मंडळी, इंदूमावशी. शनिवारी मीच आप्पांची खालची दाढ काढली होती. त्यामुळे मी नेहमीच्या उत्साहात विचारलं, "काय आप्पा, मोकळं वाटतंय ना?"

आप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. शर्यतीत आडव्या गेलेल्या बैलाकडेही ते असं बघत नसतील.

"मोकळं?" मावशी म्हणाल्या. "कालपासनं भितीला डोकं लावून बसल्यात. दाढ व्हती तवा दाढ दुखत व्हती. आता दाढ न्हाई, तर कान दुखतोय. तुम्ही नक्की काय काढलंय?"

आप्पा वडगाव रासाईकडचे. शेती आहेच, पण पंचक्रोशीत ओळख आहे ती बैलगाडा शर्यतीच्या माईकवरचा माणूस म्हणून. ज्यांनी शर्यत बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावरच्या धावपट्टीवर, बैल धावतात ते मोजून काही सेकंद. माईकवरचा माणूस मात्र सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत धावत असतो. गाडा कुणाचा, बैल कुठल्या बाजारातला, मालकाच्या आजोबांनी कुठला घाट मारला होता, हे सगळं त्याला तोंडपाठ पाहिजे. आणि तोंड चालू पाहिजे.

येत्या शुक्रवारी आप्पांच्या गावची यात्रा होती. यंदा कमिटीतल्या पोरांनी दौंडकडचा एक तरुण गडी हेरून ठेवला होता. 'आप्पांचं वय झालं,' एवढंच कुणीतरी म्हणायचं बाकी होतं. म्हणून तर आप्पा दुखरी दाढ काढायला आधीच्या शनिवारी आले. आणि मी काय म्हणालो? "आप्पा, शुक्रवारी तुम्ही माईकवर. माझी जबाबदारी."

मला अशी वाक्यं फार सुचतात.

खुर्चीत घेऊन दिवा लावला आणि खड्ड्यात पाहिलं. दाढ काढली की त्या जागी रक्ताची गाठ धरते. ही गाठ म्हणजे जखमेचं झाकण. तिच्याखाली हाड सुरक्षित राहतं आणि नवीन मांस भरत येतं. ती पहिल्या एक-दोन दिवसांत निघून गेली, की खालचं हाड उघडं पडतं. हवा लागली तरी कळ येते, आणि ती कळ थेट कानापर्यंत जाते. आम्ही याला ड्राय सॉकेट म्हणतो. आप्पांचा खड्डा असाच होता. घासूनपुसून ठेवलेल्या वाटीसारखा लख्ख. इतका स्वच्छ सॉकेट मी कॉलेजच्या पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता.

ड्राय सॉकेट दिसला की डेंटिस्टचा पोलीस होतो. माझाही झाला.

"आप्पा, तंबाखू खाल्ली."

"न्हाई."

"एखादी चिमूट? मळून नुसती ठेवली असेल."

"डॉक्टर, पोळ्यापासनं सोडलीय. बैलाची आण घेऊन सांगतो."

बैलाची आण म्हटल्यावर तो विषय बंद.

"मग मिश्री लावली असेल सकाळी."

"मिश्री मी लावते," मावशी म्हणाल्या. "माझी दाढ काढली का तुम्ही?"

"स्ट्रॉनं काही प्यायलात? ताक? उसाचा रस?" ओढून प्यायलं की तोंडात पोकळी तयार होते आणि गाठ उचकटते, हे मी मोठ्या तोऱ्यात समजावलं. आप्पा म्हणाले, "मी काय ल्हान लेकरू हाय, नळीनं प्यायला?"

मग भाकरी कुस्करून न खाणं, गरम चहा, एका अंगावर झोपणं. माझी सगळी कलमं लावून झाली. आरोपी प्रत्येकातून निर्दोष सुटला. शेवटी मी खुर्चीला टेकून म्हणालो, "मग घरी नेमकं केलंत काय ते तरी सांगा."

"तुम्ही सांगितलं ते," आप्पा म्हणाले. त्यांना बोलताना त्रास होत होता, म्हणून पुढचं मावशींनी हातात घेतलं.

"शनवारी घरी पोचलो. कापूस तासाभरानं काढला, तुम्ही म्हणला तसा. सांजच्याला लोक यायला लागले."

"कशाला?"

"भेटायला. आप्पांची दाढ काढली म्हंजी काय साधी गोष्ट हाय व्हय? शुक्कुरवारी माईक कोण धरणार, सगळ्यास्नी काळजी. पैलं सरपंच आले. मग कमिटीवाले. मग भावकी. आयतवारी तर अंगणात सतरंजी टाकावी लागली."

आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला जाणं ही हजेरी आहे. ती चुकवली तर पुढे लग्नकार्यात लक्षात ठेवली जाते. हे मला माहीत होतं. पण दाढेलाही लोक भेटायला जातात, हे माहीत नव्हतं.

"आल्याव म्हणायचे, आप्पा, बघू तर कसं झालंय. मग ह्यांनी आ करायचं. कुणीतरी मोबाईलची ब्याटरी लावायचं. आत रगत दिसलं की लोकं तोंड वाकडं करायची. म्हणून ह्ये आदी परसात जायचे, खळखळून चूळ भरायचे, पचाक् करून थुकायचे, आन् मग दाखवायचे."

"प्रत्येकाला?"

"मग? सरपंचाला दाखवलं आन् चुलतभावाला न्हाई, असं जमतं व्हय?"

"अहो, पण चूळ भरायला कुणी सांगितलं होतं?"

मावशींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हीच. निघताना म्हणला, आप्पा, जागा एकदम स्वच्छ ठेवायची, घाण राहता कामा नये. ह्येंनी ठिवली."

दाढ काढल्यावर मी एक भाषण करतो. पहिल्या दिवशी चूळ भरू नका, थुंकू नका, लाळ आली तर गिळा, हे त्या भाषणाचं पहिलं वाक्य. शनिवारी आप्पांच्या तोंडात कापूस होता आणि मी त्यांना यंदा कुठला बैल जोरात आहे ते विचारत बसलो होतो. ते बोटांच्या खुणांनी सांगत होते. त्या नादात भाषणाचं पहिलं वाक्य राहिलं आणि शेवटचं तेवढं मी दारातून मोठ्यानं ऐकवलं. आप्पांनी ते बिनचूक पाळलं. इतका आज्ञाधारक पेशंट मला पुन्हा मिळणार नाही.

मी तंबाखूचा आरोप मागे घेतला. आप्पांनी हात हलवून माफ केलं.

इलाज अवघड नव्हता. कोमट सलाईननं खड्डा हळूच धुतला. लवंगेच्या तेलाची औषधी पट्टी आत बसवली. लवंगतेल हाडाची कळ शांत करतं. थोड्या वेळानं आप्पांनी गालावरचं उपरणं खाली घेतलं, मान सरळ केली आणि पहिलं पूर्ण वाक्य बोलले.

"शुक्कुरवारचं काय?"

"पट्टी रोज बदलायला या. शुक्रवारी माईकवर बसायचं. पण दोन गोष्टी. मधेमधे पाण्याचा घोट घ्यायचा, तो गिळायचा. आणि घरी कुणालाही आ करून दाखवायचं नाही."

"आन् लोक आले तर?" मावशींनी विचारलं.

हा खरा प्रश्न होता. मी ट्रेकडे बघितलं. काढलेली दाढ शनिवारपासून जंतुनाशकाच्या बाटलीत पडून होती. ती धुतली, एका रिकाम्या डबीत घातली आणि मावशींच्या हातात दिली. "येईल त्याला ही दाखवा. चहाबरोबर."

बुधवारी आणि गुरुवारी आप्पा पट्टी बदलायला आले. दोन्ही वेळा मी शर्यतीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. हे मला फार जड गेलं.

शुक्रवारी दवाखाना लवकर बंद करून मी घाटावर गेलो. लांबूनच आवाज ऐकू आला. तोच आवाज, तोच दम. "आला, आला, पांढरा आला, कड सोडली न्हाई गड्यानं, मळा इकला पर बैल इकला न्हाई त्या मालकाचा गाडा..." दौंडकडचा गडी मंडपात खुर्चीवर बसून चुपचाप लस्सी पीत होता. स्ट्रॉनं.

मी गर्दीत मागे उभा राहिलो. दोन गाड्यांच्या मधे आप्पांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, गिळला, आणि माईक तोंडाशी धरला.

"शिरूरचे दाताचे डॉक्टर घाटात हजर हायेत. त्येंचा सत्कार नंतर करू. आदी सगळ्यांनी ध्यानात धरा. दाढ काढल्याव पैल्या दिशी चूळ भरायची न्हाई. थुकायचं न्हाई. दुसऱ्या दिसापासनं मिठाचं कोमट पाणी तोंडात नुसतं घोळवायचं आन् मान वाकवून सोडून द्यायचं. ह्ये मला डॉक्टरनीच सांगितलं. मंगळवारी."

'मंगळवारी' या शब्दावर ते जरा थांबले. गावाला सगळा किस्सा माहीत होता. अख्खा घाट हसला. सत्काराचा नारळ घेताना मी मान वर केली नाही.

तेव्हापासून माझं भाषण बदललं. दाढ काढल्यावर पहिला प्रश्न मी पेशंटला नाही, बरोबर आलेल्या माणसाला विचारतो, घरी भेटायला कोण कोण येणार? मग चूळ भरायची नाही, हे पेशंटला सांगतो आणि बरोबरच्या माणसाकडून वदवून घेतो. स्वच्छतेचं वाक्य दुसऱ्या दिवसाच्या तपासणीला ठेवलंय. दाढ मात्र आठवणीनं डबीत घालून देतो. लोकांना काहीतरी बघायचंच असतं. ते हातात दिलं की खड्ड्याला त्याचं काम करता येतं.