युक्ती नंबर एकोणीस

तिकीटवाली आयुष्यात एकदाच विमानात बसली होती, आणि त्यातही तिला खिडकी मिळाली नव्हती. पण विमान कंपनीच्या पोटात आतडी किती आणि कुठलं कुठं वळतं, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं खुद्द कंपनीच्या साहेबांनाही नसेल.

बावीस वर्षं ती एकाच खुर्चीत बसून लोकांची तिकिटं काढत होती. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, पंखा कुरकुरणारा. धंदा लांबच्या देशांत कामाला माणसं पाठवायचा. नर्सा, वेल्डर, आचारी, सफाईवाले. मालक जायचं तिकीट द्यायचा. मध्येच घरी यायची वेळ आली तर ज्याचं त्यानं बघायचं. बाप अंथरुणाला खिळला, लेकरू दवाखान्यात गेलं, की त्या माणसाचा फोन हिला यायचा. ही बाई धीरबीर देत बसायची नाही. "रडायचं नंतर रड," म्हणायची, "आधी सांग, मैल किती साठलेत?"

विमानानं जेवढं फिरावं तेवढे मैल कंपनी आपल्या नावावर जमा करते, बँकेचं कार्ड वापरलं तरी करते, आणि पुरेसे साठले की त्यावर फुकट तिकीट देते. एवढं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते मैल कधी, कुठल्या मार्गानं, कुठल्या नंबरावर फोन करून मागितले म्हणजे निम्म्यात काम होतं, हे कंपनी सांगत नाही. ते तिकीटवालीला कळायचं. चुकून सापडलेली वाट ती आधी स्वतः दोनदा चालून बघायची, मग वहीत लिहायची. पुढं हातातले स्मार्टफोन आले तेव्हा तिनं सगळ्यांचा एक ग्रुप केला. त्रेचाळीस युक्त्या, नंबर घालून. भाषा तिच्या स्वयंपाकघरातली. "मैल म्हणजे दूध. साठवून कौतुक करत बसाल तर नासेल." "कंपनीचा माणूस नाही म्हणाला तर फोन ठेवा आणि परत लावा. दुसरा माणूस दुसऱ्या बायकोशी भांडून आलेला असतो."

फी एकच होती. घरी पाय टेकला की ग्रुपवर एक शब्द लिहायचा: पोचलो. बाईमाणूस असेल तर पोचले. तो शब्द आला की तिकीटवाली वहीतलं त्या माणसाचं पान मिटायची आणि जेवणाचा डबा उघडायची.

ह्या ग्रुपात तिचा धाकटा दीरही होता. दीर आला तेव्हा काही कोवळा पोर नव्हता, चांगला मिसरूड फुटलेला बाप्या होता आणि तिसरी नोकरी सोडून घरी बसला होता. नवऱ्यानं शब्द टाकला, "घे की त्याला, बसल्या बसल्या काही शिकेल." शिकला. असा शिकला की वर्षाच्या आत त्याचा 'उड्डाणगुरू' झाला. फोनवर व्हिडिओ, पैसे भरून वर्ग, वर एक छापील पुस्तक. 'फुकट उडा: त्रेचाळीस गुप्त युक्त्या.' तिकीटवालीनं ते पुस्तक एका पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत बघितलं. मुखपृष्ठावर दीर गॉगल लावून उभा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: मैल म्हणजे दूध!

संध्याकाळी तिनं विचारलं, "भावजी, हे दूध कुणाच्या गोठ्यातलं?"

दीर हसला. त्याला हसायला कधी काही कमी पडलं नाही. "वहिनी, विद्या दिल्यानं वाढते, तूच म्हणतेस ना?"

"दिल्यानं वाढते. विकल्यानं वाढते असं नव्हते म्हणाले."

"आता तू फुकट वाटलंस त्याला मी काय करू? रस्त्यावरचा दगड कुणीही उचलावा. मी त्याला पैलू पाडले. लोक पैलूंचे पैसे देतात."

नवरा ताटावरून म्हणाला, "जाऊ दे गं. चार पैसे मिळवतोय, नाहीतर आपल्याच डोक्यावर होता." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलायच्या नाहीत तेव्हाच त्यांना सगळं कळलेलं असायचं.

तिकीटवालीनंही सोडून दिलं असतं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय, म्हणून विसरली असती. पण मग नर्सबाईचं झालं.

नर्सबाई ग्रुपातली सगळ्यात जुनी. तिचा बाप दोन वर्षं आज जातो की उद्या असा होता. तिनं एक-एक मैल जपून ठेवला होता, आणि तिच्यासाठी तिकीटवालीनं युक्ती नंबर एकतीस राखून ठेवली होती. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, जागा रिकाम्या असतील तर, एका ठरावीक नंबरावर फोन केला की निम्म्या मैलांत तिकीट मिळायचं. ग्रुपात सगळ्यांना ती माहीत होती आणि सगळ्यांना सक्त ताकीद होती: मरणाधरणाशिवाय ही वाट वापरायची नाही. चोरवाट एका वेळी एकानं चालली तर वाट राहते. जत्थे निघाले की मालक कुंपण घालतो.

उड्डाणगुरूनं ती वाट चार हजार लोकांना विकली. लोक ती धरून समुद्रकिनारी पाय बुडवायला गेले. तीन आठवड्यांत कंपनीनं तो नंबर बंद केला. आणि चौथ्या आठवड्यात नर्सबाईच्या बापानं श्वास ओढायला सुरुवात केली.

त्या दिवशी तिकीटवालीनं सकाळी आठपासून बावीस फोन लावले. सगळीकडून एकच उत्तर, पूर्ण मैल लागतील. नर्सबाईकडं निम्मेच होते. दुपारी सव्वातीनला ग्रुपवर दोन शब्द आले.

"नाही पोचले."

ग्रुपच्या इतक्या वर्षांत असं कुणी लिहिलं नव्हतं. तिकीटवालीनं डबा उघडला नाही. तिनं तो तसाच पिशवीत टाकला, घरी आणून मोरीत रिकामा केला, आणि दिरानं नवीन कॅमेऱ्यासमोर बसून "नमस्कार मित्रांनो" म्हटलेलं भिंतीपलीकडून ऐकलं. त्या क्षणी तिनं डूख धरला. नागीण धरते तसा. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. उलट त्या दिवसापासून ती दिराशी गोड झाली.

गोड कशी? तर रोज चहा देताना चौकशी. "भावजी, तुमच्या विद्यार्थ्यांना बँकेचं कार्ड का घ्यायला लावत नाही? एकेका कार्डामागं तुम्हाला किती मैल मिळतील!"

"अगं वहिनी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं!"

"तुमचं डोकं मोठ्या कामाला आहे हो. बारीकसारीक आम्ही बघू."

दिरानं बारीकसारीक बघितलं असतं तर एक गोष्ट त्याला दिसली असती. अकरा वर्षांपूर्वी तिकीटवालीनं घरातल्या सगळ्यांचं मिळून मैलांचं एकच खातं काढलं होतं. कुटुंबाचं खातं. सासूबाई, नवरा, दीर, ती. ज्याचे येतील त्याचे मैल एकाच डेऱ्यात पडायचे. दीर अधूनमधून तिकीट काढायचा, बटण दाबायचा, आणि तिकडं तिकीटवालीच्या फोनवर प्रश्न उमटायचा: परवानगी द्यायची? ती भाजी चिरता चिरता 'होय' दाबायची. दिराला वाटायचं, आपोआप होतं. पाणी नळातून येतं असं समजणाऱ्या माणसाला टाकी कुणी भरली हे कशाला सुचेल!

पाच महिने गेले. विद्यार्थ्यांच्या कार्डांचे मैल धो धो येऊन पडत होते. एक लाख, तीन लाख, सहा लाख चाळीस हजार. ती रोज सकाळी आकडा बघायची आणि हसायची. शेजारीण एकदा म्हणाली, "काय गं, हल्ली अंगावर तेज आलंय?" तिकीटवाली म्हणाली, "एक बोकड पाळलाय. चांगला भरलाय."

मग दिरानं स्वतःच दिवस ठरवून दिला. मोठं सभागृह, तीनशे खुर्च्या, रविवारी अकराला. पडद्यावर स्वतःचं खातं उघडून, सगळ्यांदेखत, सगळ्यात महागड्या वर्गाची चार तिकिटं फुकटात काढून दाखवायची. त्या चारांतलं एक प्रेक्षकांतल्या भाग्यवंताला. प्रवेशाला चांगली सणसणीत रक्कम. आणि पहिल्या रांगेत मधली खुर्ची वहिनीसाठी राखीव.

"येशील ना? तू माझी प्रेरणा आहेस, असं स्टेजवर सांगणार आहे मी."

"न येऊन कसं चालेल, भावजी!"

रविवारी सकाळी सहाला तिनं कचेरीचं कुलूप उघडलं. पंखा लावला. समोर यादी ठेवली. अकरा नावं, महिनोन्महिने घराची वाट बघणारी. एकाची बायको बाळंत होणार होती. एकाच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. एका आचाऱ्यानं सहा वर्षं घर बघितलं नव्हतं, पोरगी फोनवर त्याला काका म्हणायला लागली होती. पहिलं नाव नर्सबाईचं.

तिला तिनं आदल्याच दिवशी विचारलं होतं. नर्सबाई म्हणाली होती, "आता जाऊन काय करू, ताई? जायचा होता तो गेला."

"आई आहे ना? तिच्या शेजारी जाऊन बस. आणि भांडायचं असेल तर भांड तिच्याशी. पण जा."

खात्यावर कुटुंबप्रमुख म्हणून तिकीटवालीचंच नाव होतं, आणि प्रमुखाला कुणाची परवानगी लागत नाही. हवं त्याला तिकीट काढून द्यावं, फक्त त्याचे पैसे घेऊ नयेत, एवढाच नियम. तिनं घेतले नाहीत. पावणेदहापर्यंत अकरावं तिकीट निघालं. खात्यात दोनशे बारा मैल उरले. तेवढ्यात चहाचा कपसुद्धा येत नाही. मग ती तोंड धुवून, केस नीट करून, इस्त्रीची साडी नेसून सभागृहात गेली आणि मधल्या खुर्चीत ऐसपैस बसली.

दीर झक्क दिसत होता. अर्धा तास बोलला. दूध झालं, नासणं झालं, दुसऱ्या बायकोशी भांडलेला माणूस झाला. लोक हसून लोटपोट. तिकीटवालीही हसली, स्वतःचाच विनोद दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस हसतो तेवढी. मग दिरानं पडद्यावर खातं उघडलं.

२१२.

दिरानं डोळे चोळले. पान पुन्हा उघडलं. २१२, आणि आता खाली एक ओळही आली: 'आपले मैल कुटुंबप्रमुखाने वापरले आहेत. अधिक माहितीसाठी कुटुंबप्रमुखाशी संपर्क साधा.' तीनशे माणसांनी ती ओळ एकदम वाचली. मागून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, हा कुटुंबप्रमुख कोण?"

"काहीतरी तांत्रिक अडचण..." म्हणत दीर पहिल्या रांगेकडं वळला. वहिनी मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. एका घरात राहिलेल्या माणसाला कळतंच.

"वहिनी, हे काय?" माईक चालू आहे हे तो विसरला. "काय केलंस तू?"

"नंबर एकोणीस वाचा, भावजी."

"काय?"

"पुस्तक तुमचं आहे ना? एकोणीस."

तो वाचेना. पण पुस्तक तिकिटाबरोबर सगळ्यांना दिलेलं होतं. तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले, चष्मा चढवला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं: "कुटुंबाचं खातं काढाल तेव्हा प्रमुख कोण ते आधी बघा. ताटं सगळ्यांची असली तरी वाढणारा हात एकच असतो. त्या हाताशी वैर करू नका. करायचंच असेल तर आधी वेगळं खातं काढा."

मास्तरांनी चष्म्यावरून स्टेजकडं बघितलं. "हे आपणच लिहिलंय ना, गुरुजी?"

सभागृह एकदम फुटलं. हसणारे हसत होते, पैसे मागणारे पुढं सरकत होते. दीर माईक हातात धरून उभा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला हसू येत नव्हतं. तिकीटवाली उठली. दारापर्यंत सावकाश गेली. सावकाश, म्हणजे नीट बघता यावं म्हणून.

घरी नवरा दोन दिवस बोलला नाही. सासूबाई मात्र बोलल्या.

"त्याचं होतं ते तू घेतलंस."

"त्यानं माझं घेतलं होतं, आई."

"म्हणजे माझ्या घरात दोन चोर."

"हो," तिकीटवाली म्हणाली. तिनं ते टाळलं नाही. "पण त्याच्या चोरीत एक जण राहिलं. माझ्या चोरीत अकरा जण पोचतील."

सासूबाईंनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "साडी चांगली दिसत होती तुझी. शेजारणीनं फोनवर दाखवलं."

दिरानं त्याच आठवड्यात वेगळं खातं काढलं. तेवढी एक युक्ती तो खरी शिकला.

पुढच्या तीन आठवड्यांत ग्रुपवर एकेक शब्द येत गेला. वेल्डर पोचला. आचारी पोचला, पोरीनं ओळखलं नाही पण दार उघडलं, असं त्यानं लिहिलं. नर्सबाई पोचली. दर वेळी तिकीटवाली डबा उघडायच्या आधी एक काम करायची. तो संदेश दिराला पुढं पाठवायची. वर एक अक्षर नाही, खाली एक अक्षर नाही. पोचलो. पोचले. पोचलो. दीर भिंतीपलीकडं बसून वाचायचा, वाचल्याची खूण उमटायची, उत्तर यायचं नाही.

अकरावा संदेश दिराला गेला त्या दुपारी तिनं ग्रुपवर बोटानं मागं मागं जात जुनं पान काढलं. सव्वातीनची वेळ, दोन शब्द. तेही तिनं दिराला पाठवले. खूण उमटेपर्यंत फोन हातात धरून बसली.

खूण उमटली. मग तिनं डबा उघडला.